खंडेनवमीचं ऑपरेशन

मुलुंड

तीर्थरूप आईला श्रुतिकाचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर बाजूला बाबा ऐकतील. म्हणून गावी निघालेल्या नितेशजवळ ही चिठ्ठी देतेय.

बाबा बरे आहेत. तुझ्या हातची पेज हवी म्हणत का होईना, इथली खिचडी खातात. त्यांच्या हृदयाची झडप दुरुस्त करायची आहे, पण छाती उघडणार नाहीत. बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून रोबोटचे हात आत जातात आणि डॉक्टरच बाजूला बसून ते चालवतात. हे सगळं बाबांना पटलंही होतं गं.

मग तारीख मिळाली, ती नेमकी खंडेनवमीची. झालं! "त्या दिवशी मशीनीक हात लावूचो नाय," म्हणून हटून बसलेत. गिरणीत त्या दिवशी कापड विणायच्या साच्यांना हार घालून ते बंद ठेवायचे ना. आता म्हणतात, रोबोट पण मशीनच.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. बरे आहेत असं वर लिहिलंय खरं, पण आडवं झालं की दम लागतो त्यांना. बसूनच झोपतात.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

आई, ते माझं ऐकत नाहीत, देवाचं ऐकतील. देवळात जाऊन कौल लाव आणि त्यांना फोन करून सांग, देवाने हो म्हटलंय.

देवाने नाही म्हटलं, तरी हेच सांग. पाप माझ्या माथी.

तुझी,
श्रुतिका