घणसोलीचा गाळा आणि एक डायल कॅलिपर यांबाबत

मी, नंदकुमार विठोबा मेस्त्री, वय चौसष्ट, धंदा फर्निचरचा, राहणार नेरूळ, नवी मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, हे मृत्युपत्र माझ्याच शब्दांत लिहवून घेत आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर मला म्हणाले, काळजीचे कारण नाही. दाराबाहेर ते माझ्या मुलाला काय म्हणाले तेही मला ऐकू आले.

माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. कणकवलीहून आलो तेव्हा एक रंधा आणि दोन पटाशा जवळ होत्या. त्यामुळे गावच्या भावकीने कशावरही हक्क सांगू नये.

१. नेरूळचा फ्लॅट माझी पत्नी वैजयंती हिच्या हयातभर तिचा, तिच्या पश्चात मुलगा शौनक याचा. बँकेतील ठेवी सर्वस्वी वैजयंतीच्या. देवघर मी सागवानात केले आहे, ते हलवू नये. हलवलेच तर डावे दार उचलून काढावे, ओढू नये.

२. मावसभाऊ अभय याला एक पाट द्यावा, तोही माझी मुलगी ईश्वरी हिने केलेला. “पोरीच्या हातात रंधा बघून गिऱ्हाईक पळेल,” असे तो माझ्या पाठीमागे म्हणाला होता. मशीन चालू आहे, म्हाताऱ्याला काय ऐकू जाणार, असे त्याला वाटले. त्याने पाटावर बसून निवांत जेवावे.

३. घणसोली गावातील माझा फर्निचरच्या कामाचा गाळा. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण भांडण होईल तर इथेच होईल.

या दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. वैजयंतीने करवतीला, रंध्याला हळदकुंकू वाहिले, तसेच जाडी मोजायच्या डिजिटल कॅलिपरच्या जबड्यांनाही. दुसऱ्या दिवशी शौनक रजा टाकून मदतीला आला. तो ऐरोलीला नोकरीला आहे. जबडे मिटूनही आकडा शून्यावर येईना, म्हणून त्याने बटण दाबून शून्य करून टाकले. काम करताना कुंकवाचा कण गळून पडला, खोटे शून्य तेवढे मागे राहिले. मापात प्लाय होता त्याहून पातळ दिसू लागला, त्या मापाने पाडलेल्या खाचा अरुंद झाल्या, आणि त्यांत प्लायचे तळ ठोकून बसवताना खारघरच्या ऑर्डरचे ड्रॉवर एकामागून एक चिरले. मी बाहेर चहा घेत होतो. चिरणारे लाकूड मला भिंतीपलीकडूनही कळते.

“आधी जबडा पुसायचा, मग शून्य दाबायचं, एवढं पण कळत नाही तुला?” हा ईश्वरीचा आवाज.

“विकून टाका ना हा गाळा! पप्पांनंतर कोण ओढणार आहे हे?”

“मी ओढेन.”

“आणि लग्न झाल्यावर?”

तिच्या रंध्याचा आवाज सुरू झाला.

मी आत गेलो नाही. पुढच्या शनिवारी दोघांना मुंबईला हत्यारांच्या बाजारात नेले आणि म्हणालो, “नवा कॅलिपर तुम्ही निवडा, मी तोंड उघडणार नाही.” जो नीट निवडेल त्याचा गाळा, असे मनाशी ठरवले होते.

ईश्वरीने साधा, रेघांवरून माप वाचायचा व्हर्नियर उचलला. जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरले, फटीतून उजेड येतो का ते पाहिले. मग कानाशी नेऊन सरकवला. “शेठ, हा खरखरतो. दुसरा दाखवा.” ही माझी सवय, तिला मी कधी शिकवली नव्हती. माझे मृत्युपत्र तिथेच लिहून झाले होते.

तेवढ्यात शौनक खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, हा नको. पप्पांना बारीक रेघा दिसत नाहीत आता. वर्षभर ते स्वतः माप घेत नाहीत. आपल्याला घ्यायला लावतात आणि नुसतं ऐकतात.”

मी भिंतीवरचे कॅलेंडर बघत राहिलो. हे कोणाच्या लक्षात आले नसेल, अशी माझी समजूत होती.

“मग डायलवाला घेऊ,” ईश्वरी म्हणाली. “काटा ठळक आहे. पण दात्यांत भुसा गेला की काटा उडी मारतो, बघ.”

“साफ मी करीन.”

“तू? कधी?”

“दर रविवारी येईन. बास?”

डायल घेतला. तेव्हापासून शौनक दर रविवारी गाळ्यात येतो, मऊ ब्रशने दाते झाडतो आणि झाडता झाडता ताईशी भांडतो. मी स्टुलावर बसून ते ऐकतो.

सबब, गाळा, त्यातील यंत्रे व हत्यारे सर्वस्वी ईश्वरीची. तिने लग्न करावे वा न करावे, गाळ्याचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त डायल कॅलिपर शौनकचा, आणि त्याने तो गाळ्यातच ठेवावा. ईश्वरीला दुसरा विकत घेता येईल, बाजारात ढीग पडले आहेत. घेऊ नये, एवढी विनंती.

४. दसऱ्याला वैजयंती जबड्यांना कुंकू लावील. तिला अडवू नये. पूजा आटोपल्यावर दोघा भावंडांनी मिळून जबडे पुसावेत आणि मगच शून्य पाहावे.

वरील मजकूर साक्षीदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो नीट ऐकला. बरोबर आहे.

सही: नंदकुमार विठोबा मेस्त्री

साक्षीदार:
१) कान्हा पाटील, घणसोली गाव (लेखनही यांचेच)
२) स्नेहल म्हात्रे, सारसोळे

ठिकाण: नेरूळ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार. शौनक गाळ्यात गेला आहे.