पहिला पेला

शुक्रवार, दिवेलागण

नळाची लाइन दुरुस्त होऊन आठवडा झाला, तरी पाणी गढूळच. सासूबाई ते गाळतात, पहिला पेला स्वतः पितात आणि तासाभराने मला देतात. मला वाटायचं, तहान लागत असेल. पण रोज? आज विचारलंच, "आई, आधी तुमीच कित्याक पितास?"

"काय झाला तर माका होवंदे गो. तू दोन जिवाची."

रागही आला, रडूही. उकळायचं सोडून हे काय? पण उकळलेल्या पाण्याने मळमळतं म्हणून पहिल्याच दिवशी पेला कुणी ढकलला होता? मीच ना!

उद्यापासून उकळूनच. मळमळलं तर मळमळू दे. पहिला पेला मात्र त्यांनाच देणार. नुसता तहानेसाठी.