अप्पांची तीन बोटं

मळमड्डी, धारवाड

प्रिय श्रीहर्षअण्णा,

आज सकाळी अप्पांच्या हृदयाला बसवलेल्या पंपाचा सूर बदलला. आत गुठळी धरायला लागली की तो असा घरघरतो. असे पंप तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत मी तो आवाज मुद्दाम काढून ऐकलाय. डॉक्टरांना कळवलंय, हुबळीहून अँब्युलन्स निघालीय.

अप्पांना खरं सांगितलेलं नाही. तुला ठाऊक आहे, हा पंप रक्त सलग ढकलतो, ठोका देत नाही. जन्मभर वैद्यकी करून अख्ख्या मळमड्डीच्या नाड्या बघितलेल्या अप्पांना स्वतःच्या मनगटात आता काहीच लागत नाही.

"पंप बराय ना ग, वेदू?" त्यांनी विचारलं.

"छान चाललाय. नेहमीच्या तपासणीला जायचंय," मी म्हटलं.

त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. माझी नाडी बघून म्हणाले, "बरं. अण्णाला मात्र कळवू नकोस. म्युनिकहून धावत सुटेल तो."

मी हो म्हटलं. त्यांनी अजून हात सोडलेला नाही, म्हणून उजव्या हाताने फोनवर हे लिहितेय. पाठवायला अंगठा पुढे नेला की माझे ठोके वाढतात, आणि अप्पा डोळे उघडून माझ्याकडे बघतात.

तुझी,
वेदश्री