सुमनच्या शेजारची जागा

लातूर, रविवार, संध्याकाळ

काल डाळमिलमधला झारखंडचा एक पोरगा वारला. आपल्यातलाच, ख्रिस्ती. गाव लांब, नेणारं कुणी नाही. आमच्या कबरस्तानात जागा एकच उरली आहे, माझ्या सुमनच्या शेजारची. ती मी माझ्यासाठी ठेवली आहे, सगळ्या मंडळीला ठाऊक आहे.

मागं मंडळीचे पंच म्हणाले होते, तिथला कडुनिंब तोडू, चार कबरींची सोय होईल. तेव्हा माझी नात स्नेहल तरुण संघाची पोरं घेऊन झाडाखाली बसली. देवाची निर्मिती राखायची म्हणे. झाड वाचलं, मीच तिची पाठ थोपटली. आता?

दुपारी तीच म्हणाली, तुमची जागा त्या पोराला देऊ. मी म्हटलं, "मग मला कुठं ठेवशील गं?"

"तुम्ही अजून लई दिवस हाव, आबा. आत्ताच कशाला घाई करायलाव?"

हसलो. प्रभूलाही दुसऱ्याच्याच कबरेत ठेवलं होतं. सातवीपर्यंतच शिकलो, तरी एवढं वाचलेलं आहे. वाचून काय उपयोग, जीव धजत नाही. सुमनच्या शेजारी परका माणूस?

मग स्नेहलनं त्या पोराच्या आईला फोन लावला. आई एकच विचारत होती, तो तिथं एकटा तर नाही ना? "नहीं मौसी, बाजू में मेरी दादी है," स्नेहल म्हणाली. मला न विचारता शब्द देऊन बसली. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

पंचांना हो कळवलं. उद्या सकाळी मूठमाती. सुमनला मात्र कुणीच विचारलं नाही. खणणारे यायच्या आत मीच जाऊन तिला सांगतो.