कोल-एलीचा पहिला कायदा

प्रिय एल्दियार,

कोल-एली देशाच्या फरार विरोधी पक्षनेत्याला चूल पक्षाच्या अध्यक्षाचा सलाम. कोरियातल्या बुसानच्या जहाज कारखान्याला तुला नोकरीचं हो की नाही ते पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय, हे मी विसरलेलो नाही. तुझी आई विसरूच देत नाही. रोज सकाळी चहाबरोबर तेवढं एक वाक्य वाढते. तू फोनवर ‘जाऊ का?’ विचारलंस तेव्हा मी, ‘धाकट्याची जागा घरात, आणि तो कायदा तूच लिहिलायस,’ असं म्हणून फोन ठेवून दिला. त्यावर येतो, पण आधी देशाची खबरबात ऐक. इथे नुसता धुमाकूळ चाललाय.

आठवतंय ना, पाय मोडून तू अंथरुणात पडला होतास, बारा वर्षांचा, तेव्हा वेळ जावा म्हणून आपण हा देश काढला? रशियन फौज खिंडीतल्या बर्फात अडकली, हात हलवत परत गेली आणि सरोवराकाठी आपलं राज्य टिकून राहिलं, एवढी एकच थाप मारली आणि बाकी सगळं तिच्यावर रचलं. माणसाने हिंडावं म्हणणारा वाट पक्ष तुझा, घर धरून राहावं म्हणणारा चूल पक्ष माझा. तरी ‘धाकट्या मुलाने आईबापाचं घर सोडू नये’ हा पहिला कायदा तूच वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलास. तेव्हा आई बाजारात गेली तरी तुला करमायचं नाही.

तू बिश्केकला गेलास आणि विरोधी बाकं ओस पडली. एकट्याने राज्य करण्यात कसली मजा? म्हणून शेजारच्या ओमुरला चूल पक्षात घेतलं. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस, मला वाटलं निमूट हात वर करेल. कसलं काय! स्थापनादिनाला मेंढी कापली आणि अध्यक्ष म्हणून वडीलधाऱ्याच्या मानाचं कंबरेचं हाड मी माझ्याच ताटात घेतलं. ओमुर माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठा, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. त्याच्या ताटात आलं खांद्याचं हाड. त्याने एकदा हाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि टोपी उचलून तरातरा चालता झाला. पक्ष खोटा, पण अपमान अगदी खरा! दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी हजर, हातात वहीचा कागद. ‘हा आमचा ज्येष्ठ चूल गट. आम्ही फुटलो. बस तू हाड चघळत!’ तुझी आई इतकी हसली की कढईत तळायला टाकलेले पिठाचे बूरसोक काळे ठिक्कर पडले. मी तिला तिथल्या तिथे सभापती केलं. म्हटलं, हसतेस काय, जरा देशाच्या कामाला ये.

तीच माझी चूक झाली बघ. सभापतीबाईंनी पहिल्याच बैठकीत ठराव मांडला: पहिला कायदा रद्द करा. वर मला हुकूम, ‘वाट पक्षाचा नेता हजर नाही, तेव्हा त्याचं भाषण तुम्ही लिहायचं. आणि नियमाने लिहायचं हं, लबाडी चालणार नाही.’ नियम म्हणजे तुझाच: विरोधकाचं भाषण असं लिहावं की वाचणाऱ्याला लिहिणारा कुठल्या बाजूचा ते कळता कामा नये. मी तीस वर्षं हवामान केंद्रावर नोंदी केल्या. न पटणारा आकडाही आहे तसाच लिहायची सवय आहे मला, तरी या भाषणाने घाम फोडला. तीन दिवस कागद फाडत होतो.

भाषणाला एक उदाहरण हवं होतं. म्हणून लिहिलं, की एका धाकट्या मुलाला तेविसाव्या वर्षी सखालिन बेटावरच्या हवामान केंद्रात नेमणूक मिळाली. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. घरी आई एकटी, म्हणून तो गेला नाही. आईने त्याला अडवलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही, आणि तो कित्येक वर्षं त्या एका शब्दाची वाट बघत राहिला. रविवारी दुपारी जर्दाळूखाली बसून मी हे वाचून दाखवलं. ओमुर म्हणाला, ‘कोण रे हा बावळट? न विचारता निघून जायचं ना!’ तुझ्या आईने मात्र हातातला चहा खाली ठेवला. ‘अहो, अडतीस वर्षं झाली लग्नाला, एका शब्दाने बोलला नाहीत?’ आजीला तू पाहिलंयस. वाईट नव्हती रे ती, घाबरलेली होती. जसा मी परवा फोनवर घाबरलो.

मग मतदान झालं. सभापतींनी कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. ओमुरचा धाकटा कझानला गेलाय, सणासुदीला तेवढा फोन करतो. ओमुरने कायदा राहावा म्हणून हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. उरलं माझं मत. चूल पक्षाच्या अध्यक्षाने चूल पक्षाच्या विरुद्ध मत दिलं, एल्दियार. ओमुर मला ‘गद्दार’ म्हणाला, आणि मग इथेच जेवून गेला.

आमची चिंता करू नकोस. लाकडं भरून झालीत, आणि मी फोडायला लागलो की ओमुर कुऱ्हाड हिसकावून घेतो. माझी रीत त्याला बघवत नाही म्हणे. तू इतक्या लांब गेलास की घर आणखी रिकामं वाटेल, खोटं कशाला सांगू? पण हे पत्र लिहितोय ते त्यासाठी नाही. फोनवर मी पुन्हा अडखळेन, नाहीतर पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसेन. माझ्या आईच्या तोंडून जे कधी निघालं नाही, ते मला तुला लिहून द्यायचं होतं. जा, बाळा.

तुझाच,
बाबा