मंजुरीसाठी थांबलेली उत्तरं

आई, तुझा शनिवारचा मराठी वर्ग मी बंद पाडला. साथीमुळे बंद पडला असं मी सगळ्यांना सांगत आले, पण ते खोटं आहे. आणि आता सोमवारी इथे कॅल्गरीत, कॉलेजातल्या भाषाशिक्षकांसमोर उभं राहून मला सांगायचंय की निम्मा वर्ग समोरासमोर आणि निम्मा ऑनलाइन कसा चालवावा, विद्यार्थ्याच्या बोलण्याला उत्तर कसं द्यावं. माझी नोकरीच ती आहे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

याच देशातल्या दुसऱ्या टोकाच्या केंब्रिजमधलं तुझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. बुधवारची संध्याकाळ, बाबा प्लांटमध्ये दुसऱ्या शिफ्टला, तू मटार सोलत बसलेली आणि फोन स्पीकरवर. लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये शनिवारी येणाऱ्या प्रत्येक पोराने बुधवारी तुला फोन करून पाच मिनिटं मराठीत बोलायचं, हा तुझा नियम. एक मुलगा म्हणतो, "आजी, मी हॉकी खेळलो." तू विचारतेस, "गोलकीपर कोण होता रे?" "माय फ्रेंड." "मग हरल्यावर रडला का तो?" आणि मघापासून अडखळणारं पोर धडाधड सांगायला लागतं. बरोबर, चूक, शाब्बास, काही नाही, नुसता पुढचा प्रश्न. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "अगं, पुढचं विचारलं की त्याला कळतं, आपलं कोणीतरी ऐकलं. मार्क काय, कोणीही देतं." मला तेव्हा ते फार घरगुती वाटलं होतं.

साथीत लायब्ररीला कुलूप लागलं तेव्हा मीच तोऱ्यात पुढे आले. तुझे धडे रेकॉर्ड करून घेतले. मुलांनी आपापली उत्तरं बोलून पाठवायची, तू ती ऐकून बोलूनच उत्तर द्यायचं, सगळं एका वेबसाइटवर. तुला शिकवताना किती खेकसले मी. "आई, लाल बटण, लाल. किती वेळा सांगू?" तू वहीत लाल पेनाने एक गोल काढून ठेवलास आणि पंधरा दिवसांत शिकलीससुद्धा. मग एका मुलीच्या आईचा ईमेल आला. मुलगी तीस सेकंद बोलते, आजी चार मिनिटं बोलतात, शी गेट्स बोअर्ड. मी तुझ्यापाशी चकार शब्द काढला नाही. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण केली, की तुझी उत्तरं माझ्या मंजुरीशिवाय मुलांपर्यंत जाऊ नयेत. तुझ्या स्क्रीनवर मात्र 'पाठवलं' असंच दिसायचं. कापून, छोटी करून पुढे पाठवीन असं मनात होतं. पहिल्या आठवड्यात तीन पाठवली. पुढे माझंच काम वाढलं, शिवाय उत्तर पाठवलं की मुलांना आपोआप हिरवी टिक मिळायची सोय होतीच. पालक खूश होते, मग मीही तिकडे फिरकले नाही.

फेब्रुवारीत तू फोनवर विचारलंस, "काय गं, मुलं माझं ऐकतात ना? मी एवढं विचारते, कोणीच काही सांगत नाही." मी ग्रोसरीच्या पिशव्या गाडीत टाकत होते, बोटं गारठली होती. म्हणाले, "ऐकतात गं. हल्लीची मुलं उत्तर देत नाहीत, एवढंच." मग म्हणालीस, "बरं. माझंच आता जुनं झालं असणार." जूनमध्ये तू वर्ग सोडलास आणि पुढच्या थंडीत गेलीस. तुझ्या आजाराशी याचा संबंध नव्हता, ते मला कळतं. पण मुलांना आपण नकोशा झालो असं समजून तू गेलीस, आणि तसं समजायला मी लावलं. इतक्या वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

काल शिक्षकांना नमुना दाखवायला म्हणून तो जुना कोर्स उघडला. मंजुरीच्या रांगेत तुझी अठ्ठेचाळीस उत्तरं. प्रत्येकाला नावाने हाक, मागे कुकरची शिट्टी, आणि शेवटी एक प्रश्न. मुलं मोठी झाली, त्यांची खाती बंद आहेत, आता पाठवू कोणाला? शेवटचं उत्तर होतं 'नमुना विद्यार्थी' या नावाला. ती मी. बटणं चालतात का बघायला अगदी सुरुवातीला मी एक वाक्य बोलून ठेवलं होतं, "आज सकाळी मी पोहे केले." वर्ग सोडायच्या दिवशी, बाकी सगळ्यांना उत्तरं देऊन झाल्यावर, तू तेही ऐकलंस. "आवाज ओळखला बरं मी," तू म्हणतेस. "घसा बसलाय तुझा. बर्फ शोव्हल करताना कान बांधत जा. आणि पोहे केलेस म्हणतेस, मग कोण आलं होतं गं घरी?" प्रश्न संपल्यावरही रेकॉर्डिंग बराच वेळ चालू आहे.

हे सगळं मी त्याच उत्तराखालच्या चौकटीत टाइप केलंय. पाठवलं तरी ते त्याच रांगेत जाणार आणि मंजुरी मलाच द्यायची आहे, म्हणून नाही पाठवत. कोणी आलं नव्हतं, आई. पोहेही केले नव्हते. काहीतरी वाक्य हवं होतं म्हणून बोलले. त्या दिवशी मी सिंकपाशी उभी राहून कोरडा ब्रेड खाल्ला होता.