अण्णांचे फोटो आणि तुझी वायर

सुगतदादा,

कॅमेऱ्यातलं कार्ड शोधू नको. ते घेऊन मी धाराशिवला फोटो मोठा करायला चाललेय. आज तू ते पुसून नळदुर्गच्या लग्नाचे फोटो काढायला नेणार होतास. अण्णांचे शेवटचे फोटो त्यातच आहेत, धडधाकट. अर्धे राखाडी झालेत ते फक्त लॅपटॉपवर उतरवलेले. लग्नाला जुनं कार्ड ने, रिकामं करून बॅगेत ठेवलंय.

लॅपटॉपवर विंडोज काढून मी जे लिनक्स टाकलं, त्यानं काही खाल्लेलं नाही. कॅमेरा तुझ्या वायरनं लॅपटॉपला जोडून एकच फोटो दोनदा उतरवला, दोन्ही वेळा वेगळ्या जागी तुटला. मग कार्ड काढून, वायर न लावता, कार्ड-रीडरमधून फोटो घेतले, तर सगळे स्वच्छ आले. वायर आतून तुटलीय. गाडीच्या हँडलला गुंडाळू नको म्हणून बोंबलत होते, तेव्हा म्हणालास, "आता तू मला शिकवतीस व्हय?"

पाहुण्यांसमोर मात्र, "हिच्या लिनक्सनं अण्णांचे फोटो खाल्ले." त्यावर आई मला म्हणाली, "तुझ्या नादापायी त्येंचं तोंड बी बघायला राहिलं न्हाय." तेव्हापासून ती माझ्या हातचा चहा घेत नाही. तू शेजारीच बसला होतास.

वायर टेबलावर ठेवलीय. रविवारी अण्णांच्या पुण्यानुमोदनाला मी फोटो घेऊन येतेय. त्याआधी ती वायर आईच्या हातात दे आणि तुझ्या तोंडानं सांग. नाही सांगितलंस, तर त्याच पाहुण्यांसमोर मी सांगेन, अण्णांच्या फोटोला पहिलं फूल वाहायच्या आधी.

पौर्णिमा